इंग्रजी येतं, म्हणूनच डच येत नाही

नोकरीनिमित्त नेदरलँड्सला गेलेल्या मराठी माणसाचे पहिले काही आठवडे मजेत जातात. विमानतळावरच्या पाट्या इंग्रजीत, बँकेचं खातं इंग्रजीत उघडतं, बसचा ड्रायव्हर इंग्रजी बोलतो, घरमालक बोलतो आणि शेजारच्या पंच्याहत्तरीच्या आजीबाईही बोलतात. ऑफिसात तर प्रश्नच नाही. आइंडहोव्हनला लागून असलेल्या फेल्डहोव्हनमध्ये ‘एएसएमएल’ ही कंपनी चिप बनवण्याची यंत्रं तयार करते. तिथे शंभराहून जास्त देशांचे लोक काम करतात आणि कामकाज इंग्रजीत चालतं. ॲमस्टरडॅमला खेटून असलेल्या आम्स्टलफेनमध्ये भारतीय कुटुंबं इतकी आहेत, की कढीपत्त्यासाठीही फार पायपीट करावी लागत नाही. अशा देशात भाषेवाचून काय अडणार? मग पुण्याहून निघताना हौसेनं घेतलेलं डचचं पुस्तक कपाटात जातं आणि तिथेच राहतं.

चार-पाच वर्षांनी हिशेब मांडायची वेळ येते. त्याच सुमारास जर्मनीतल्या एखाद्या मध्यम शहरात गेलेला मित्र मोडकंतोडकं का होईना, पण जर्मन बोलू लागलेला असतो. नेदरलँड्समधला मात्र ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहे’ यापुढे सरकलेला नसतो. तो आळशी असतो किंवा त्याला भाषांची जाण नसते, असं नाही. त्याला शिकायची गरजच कुणी पडू दिलेली नसते. इंग्रजी जाणणाऱ्याला राहण्यासाठी युरोपात याहून सोपा देश क्वचितच सापडेल, आणि नेमकं त्यामुळेच तिथली भाषा शिकणं अवघड होऊन बसतं.

सौजन्य आड येतं

‘ईएफ’ या संस्थेच्या इंग्रजी प्रावीण्य निर्देशांकात २०१९ ते २०२४ अशी सलग सहा वर्षं नेदरलँड्स पहिल्या क्रमांकावर होतं. २०१२च्या युरोबॅरोमीटर पाहणीत तिथल्या ९० टक्के लोकांनी आपल्याला इंग्रजीत संभाषण करता येतं, असं सांगितलं होतं. याची कारणं उघड आहेत. जेमतेम १ कोटी ८० लाख लोकसंख्येच्या या देशाचं पोट शतकानुशतकं व्यापारावर चालत आलं आहे. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाची भाषा यावीच लागते. १९८६पासून प्राथमिक शाळेत इंग्रजी सक्तीचं आहे. त्याहून मोठा वाटा दूरचित्रवाणीचा आहे. जर्मनीत इंग्रजी चित्रपटांना जर्मन आवाज दिले जातात. नेदरलँड्समध्ये मोठ्यांसाठीच्या चित्रपटांत आवाज मूळचाच राहतो आणि खाली डच अक्षरं येतात. त्यामुळे तिथलं मूल लहानपणापासून तासन् तास इंग्रजी ऐकत मोठं होतं.

आता शिकणाऱ्याची गत पाहा. आठवडाभर घोकलेलं वाक्य घेऊन तो बेकरीत जातो. “माख इक एन हाल्फ फोल्कोरन?” म्हणजे गव्हाच्या सबंध पिठाचा अर्धा पाव मिळेल का? वाक्य बिनचूक जमतं. काउंटरवरची बाई विचारते, “खस्नेडन?” हा शब्द पुस्तकातल्या त्या धड्यात नसतो. त्याच्या तोंडून नकळत “सॉरी?” निघतं आणि ती लगेच इंग्रजीत विचारते, पाव कापून देऊ का? तिथून पुढे पैसे देईपर्यंतचा सगळा व्यवहार इंग्रजीत होतो. बाई हसतमुख आहे, तिच्यामागे रांग आहे आणि तिनं आपल्या परीनं गिऱ्हाइकाची अडचण दूर केली आहे. गिऱ्हाईक मात्र पाव घेऊन आणि धीर गमावून बाहेर पडतं.

मराठी वाचकाला हे दृश्य दुसऱ्या बाजूनं चांगलं ठाऊक आहे. मुंबई-पुण्यात परप्रांतातून आलेला माणूस दोन शब्द मराठीत बोलायला गेला, की आपण त्याला ते वाक्य पुरं करू देत नाही, लगेच हिंदीवर येतो. आणि संध्याकाळी गप्पांत तक्रार करतो, की ही माणसं इतकी वर्षं इथे राहतात, पण मराठी शिकत नाहीत! डच माणूसही नेमकं हेच करतो. अलीकडे ॲमस्टरडॅमच्या अनेक कॅफेंमध्ये वाढप्यांना डच येत नाही आणि डच माणसाला आपल्याच राजधानीत इंग्रजीत कॉफी मागवावी लागते, यावर तिथे नाराजी आहे. विद्यापीठांतले इंग्रजी माध्यमाचे पदवी अभ्यासक्रम कमी करावेत का, हा वाद तर संसदेपर्यंत पोचला. पाहुण्यासाठी स्वतःची भाषा बाजूला ठेवायची आणि मग ती मागे पडली म्हणून हळहळायचं, यात आपली आणि त्यांची चांगलीच जोडी जमते.

इंग्रजी कुठे अपुरी पडते

पगार, घरभाडं, खरेदी आणि प्रवास इथपर्यंत इंग्रजी साथ देते. त्यापुढे ती हळूहळू सुटू लागते. आजारपणाचंच घ्या. नेदरलँड्समध्ये थेट तज्ज्ञ डॉक्टरकडे जाता येत नाही. आधी आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे ‘हाउसआर्ट्स’कडे जावं लागतं आणि पुढची चिठ्ठी तोच देतो. डॉक्टर इंग्रजी उत्तम बोलतो. पण त्याच्या दवाखान्यात फोन लावला, की बहुतेक वेळा आधी ध्वनिमुद्रित डच सूचना ऐकू येते. तातडीचं असेल तर एक दाबा, औषधाच्या चिठ्ठीसाठी दुसरा आकडा, असं काहीबाही. रात्री तापानं फणफणलेलं मूल मांडीवर असताना तातडीसाठीचा ‘स्पूट’ हा शब्द कानाला ओळखता आला पाहिजे.

करखात्याची पत्रं निळ्या पाकिटातून येतात आणि ती डचमध्ये असतात. घर विकत घेतलं, तर इमारतीतल्या घरमालकांचा संघ असतो. आपल्या हाउसिंग सोसायटीसारखीच त्याची वार्षिक सभा, तसंच देखभालीच्या वर्गणीवरून भांडण आणि तसंच इतिवृत्त. हे सगळं डचमध्ये. छपराच्या दुरुस्तीसाठी किती युरो द्यायचे, हे ठरत असताना आपण नुसते मान हलवत बसलेलो असतो.

सगळ्यांत मोठी कसोटी शाळेत लागते. मूल चार वर्षांचं झालं, की शाळेत जाऊ लागतं आणि वर्षा-दीड वर्षात मित्रांशी सफाईनं डच बोलू लागतं. आईवडील मागे राहतात. वर्षातून दोन-तीनदा शिक्षक प्रत्येक पालकाला दहा मिनिटं देतात. या भेटीचं नावच ‘दहा मिनिटांची भेट’ आहे. शिक्षिका इंग्रजीत बोलायला तयार असते. पण मुलाचं प्रगतिपुस्तक डचमध्ये असतं, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर डच चालते आणि मुलाच्या वाढदिवसाला वर्गात काय खाऊ न्यायचा, कोणत्या खाऊवर शाळेची बंदी आहे, हेही तिथेच कळतं. पुढे बाराव्या वर्षाच्या सुमाराला, आठव्या गटात, मुलानं माध्यमिक शिक्षणाच्या कोणत्या शाखेत जावं याचा सल्ला शाळा देते. व्यवसायाकडे नेणारी, मधली आणि विद्यापीठाकडे नेणारी, अशा या वाटा आहेत. नंतर वाट बदलता येते, पण सल्ल्याला वजन असतं. अशा भेटीत शाळेचं म्हणणं पालकांना मूलच समजावून सांगत असेल, तर आपल्याविषयीचं कोणतं वाक्य गाळायचं, हे ते मूल ठरवतं!

आणखी एक गोष्ट घरात फारशी बोलली जात नाही. ज्याच्या नोकरीमुळे कुटुंब तिथे गेलं, त्याला डचची गरज सर्वांत कमी असते. ती असते सोबत गेलेल्या जोडीदाराला, आणि ती बहुतेकदा बायको असते. कायद्यानं तिला वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते, पण नोकरी मिळायला हवी ना! आयटीतली असेल तर निभावतं. शिक्षिका, समुपदेशक, वकील, हिशेबनीस असेल, तर डचशिवाय दार उघडत नाही. डॉक्टर, दंतवैद्य किंवा फिजिओथेरपिस्ट असेल, तर आरोग्यसेवकांच्या सरकारी नोंदवहीत नाव लागावं लागतं आणि परदेशात शिकलेल्यांना त्यासाठी डच येत असल्याचं सिद्ध करावं लागतं. म्हणून घरात वेळ आणि पैसा एकाच्याच शिकवणीपुरता असेल, तर तो मान आधी तिचा आहे.

कायद्याची पाच वर्षं

परदेशातून कायमचं राहायला येणाऱ्यानं भाषा आणि समाज समजून घ्यावा, यासाठी डच सरकारनं १९९८पासून कायदे केले. सध्याचा कायदा १ जानेवारी २०२२पासून लागू आहे. ज्यांच्यावर तो बंधनकारक आहे, त्यांच्याकडून साधारणपणे तीन वर्षांत ‘बी-१’ पातळीची अपेक्षा असते. कौन्सिल ऑफ युरोपनं भाषेच्या येण्याला ए-१पासून सी-२पर्यंत सहा पायऱ्या लावून दिल्या आहेत. ए-२ म्हणजे बाजारहाट, दवाखाना, ओळखपाळख इतपत येणं. बी-१ म्हणजे आपलं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडता येणं.

कुशल नोकरदारांवर मात्र ही सक्ती नाही. त्यांच्यासाठीची वेगळी व्हिसा योजना २००४ची आहे आणि तिच्यामागचा हेतूच असा, की हवी ती माणसं पटकन यावीत. इथे मेख आहे. पाच वर्षांनी कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मागायचा झाला, तर हीच मंडळी परीक्षेच्या दारात उभी राहतात. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण आणि त्याशिवाय डच समाजाची माहिती असे तिचे भाग आहेत. स्वेच्छेनं परीक्षा देणाऱ्या नोकरदारांना आजवर ए-२ पुरत आलं आहे, पण स्थलांतराचे नियम तिथे निवडणुकीगणिक ढवळले जातात. म्हणून अर्जाच्या आधी तिथल्या स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर ताजा नियम पाहावा. चार वर्षं काही न करता शेवटच्या सहा महिन्यांत क्लास लावून ए-२ पार करणारे पुष्कळ आहेत. परीक्षा सुटते, कागद मिळतो आणि भाषा होती तिथेच राहते.

हेगमधले दुसरे भारतीय

ज्यांनी डच आपलीशी केली, असे भारतीय वंशाचे लोक नेदरलँड्समध्येच मोठ्या संख्येनं आहेत. ५ जून १८७३ रोजी ‘लाला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत पोचलं. १९१६पर्यंत उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे सुमारे ३४ हजार लोक असे करारावर तिथे नेले गेले. १९७५मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं, त्याच्या आगेमागे त्यांच्या वंशजांपैकी अनेकांनी नेदरलँड्स गाठलं आणि हेग शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. घरात भोजपुरी-अवधीतून घडलेली सरनामी, बाहेर डच, असं त्यांचं चालत आलं आहे. रबीन बलदेवसिंग हे याच समाजातले. २००६ ते २०१८ या काळात ते हेगच्या नगर प्रशासनात पदाधिकारी होते आणि ते सरनामीत लेखनही करतात. हेगच्या बाजारात भेंडी आणि चवळीच्या शेंगा विकणारा माणूस आपल्याकडचाच वाटतो, म्हणून आपण हिंदीत सुरुवात करतो. तो प्रेमानं दोन वाक्यं बोलतो आणि मग डचवर येतो, कारण तीच त्याची शाळेची, हिशेबाची आणि भांडणाची भाषा आहे. घरची भाषा राखूनही बाहेरची भाषा पूर्ण आपलीशी करता येते, याचा दाखला असा त्या बाजारातच मिळतो.

मराठी कामाला येते

आपण परकी भाषा शिकायला बसतो, तेव्हा डोक्यात इंग्रजी धरून बसतो. वर्गही इंग्रजीतून, पुस्तकही इंग्रजीतून. डचचे शब्द इंग्रजीच्या जवळचे आहेत हे खरं. पण वाक्याची घडण पाहिली, तर कित्येक ठिकाणी मराठीच जास्त उपयोगी पडते.

‘कारण मी उद्या उट्रेक्टला जातो’ हे वाक्य घ्या. डचमध्ये ते ‘ओमडाट इक मॉर्खन नार उट्रेक्ट खा’ असं होतं: कारण, मी, उद्या, उट्रेक्टला, जातो. शब्दांचा क्रम आपलाच! मुख्य वाक्यात डच क्रियापद दुसऱ्या जागी येतं, पण ‘कारण’, ‘की’, ‘जेव्हा’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात ते शेवटी जातं. इंग्रजांना तिथे घाम फुटतो. आपण आयुष्यभर क्रियापद शेवटीच ठेवत आलो आहोत.

आकड्यांचंही तसंच. डचमध्ये पंचवीसला ‘फाइफ-एन-ट्विंटख’ म्हणतात, म्हणजे पाच आणि वीस. इंग्रजी माणूस इथे हमखास उलटंपालटं ऐकतो आणि फोन नंबर चुकवतो. आपल्याकडेही एकक आधी आणि दशक नंतर येतो: एकवीस, बत्तीस, पंचवीस. २०१९मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन सुचवलं, तेव्हा महाराष्ट्रात किती गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. डच पोरं अजून जुन्याच चालीनं मोजतात. फक्त आकडे ऐकताना मनात इंग्रजी न आणता मराठी आणायची, एवढं पथ्य पाळावं.

लिंगाचा बाऊही आपल्याला वाटू नये. डचमध्ये नामापूर्वी ‘डे’ लावायचं की ‘हेट’, हे शब्दागणिक पाठ करावं लागतं. खुर्ची ती, पलंग तो आणि टेबल ते का, याचं कारण न विचारता ज्यांनी तीन लिंगं पचवली, त्यांना दोन जड नाहीत. गंमत म्हणजे लहान किंवा लाडकं करण्यासाठी शब्दाला शेपूट जोडलं, की डच नाम नपुंसकलिंगी होतं. आपलं लेकरू, पोरगं, वासरू आठवावं.

मराठीचं बळ उच्चारांत मात्र कमी पडतं. डच ‘ग’ घशात घासून येतो, उर्दूतल्या ‘ख़बर’मधल्या ‘ख़’सारखा. तो जमतो. खरी तारांबळ ‘घर’ या अर्थाच्या शब्दातल्या स्वरानं उडते. तो ‘हाउस’ही नाही आणि ‘हॉइस’ही नाही, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. तो ऐकून ऐकूनच बसतो. देवनागरीत लिहून घेतला, तर चुकीचा बसतो.

किती वेळ, कसा अभ्यास

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना डच शिकवायला २४ ते ३० आठवडे, म्हणजे वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास धरते. अधिकाऱ्यांचा तो पूर्णवेळ अभ्यास असतो. नोकरी सांभाळून आठवड्याला चार तास काढणाऱ्याला ६०० तासांसाठी तीन वर्षं लागतील. ‘पाच वर्षं आहेत, बघू निवांत’ म्हणणाऱ्यानं हा हिशेब एकदा करून पाहावा.

क्लास लागतोच, पण तो पायापुरता. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात घडलेली ‘डेल्फ्ट पद्धत’ व्याकरणापेक्षा मजकूर पुन्हा पुन्हा ऐकण्यावर आणि त्यावर बोलण्यावर भर देते. भरपूर घरचा अभ्यास करायची तयारी असलेल्याला ती मानवते. फुकट मिळणाऱ्या सोयीही कमी नाहीत. सार्वजनिक वाचनालयांत भाषा-कॅफे भरतात. तिथे निवृत्त शिक्षक, पोस्टमन, परिचारिका अशी मंडळी चहा-कॉफीवर हळू आणि स्पष्ट बोलतात, आणि मुख्य म्हणजे इंग्रजीवर जात नाहीत. अनेक गावांत नगरपालिका किंवा स्वयंसेवी संस्था एकेका शिकणाऱ्याला एक भाषा-सोबती जोडून देतात. दूरचित्रवाणीवर १९८१पासून मुलांसाठीच्या बातम्या लागतात. सोपी वाक्यं, ताजे विषय आणि थोडकी लांबी यामुळे मोठे शिकाऊही त्या पाहतात. टेलिटेक्स्ट या टीव्हीवरच्या मजकूर-सेवेच्या ८८८ या पानावर डच कार्यक्रमांना डच अक्षरं मिळतात. ऐकलेलं आणि वाचलेलं एकत्र आलं, की शब्द लवकर रुजतो.

आणि बेकरीतल्या त्या ‘सॉरी’वरही उपाय आहे. न समजल्याची कबुलीसुद्धा डचमध्ये द्यायची. “वाट झेख्त उ?” म्हणजे काय म्हणालात? किंवा “नॉख एन कीर, आल्स्टुब्लीफ्ट,” म्हणजे कृपया पुन्हा एकदा. ही दोन वाक्यं तोंडात तयार असली, की समोरचा बहुधा डच सोडत नाही, थोडा हळू बोलतो इतकंच. सोडलीच, तर ‘मी शिकतो आहे, डचमध्ये बोललात तर बरं होईल’ हे तिसरं वाक्य डचमध्येच सांगावं. स्पष्ट बोलणं तिथे उद्धटपणा समजला जात नाही. आणि उच्चार परके वाटतील म्हणून लाजायचंही कारण नाही. नेदरलँड्सच्या राणी माक्सिमा या मूळच्या अर्जेंटिनाच्या. ३० मार्च २००१ रोजी साखरपुड्याच्या घोषणेच्या वेळी त्या दूरचित्रवाणीवर देशाशी डचमध्ये बोलल्या. उच्चारांत परकेपणा होता, तरी लोकांनी त्यांना तिथेच आपलं मानलं. परकी धाटणी डच माणसाला खुपत नाही. पाचव्या वर्षीही प्रयत्न दिसला नाही, तर ते त्याच्या नजरेत भरतं.

शेवटचा मुद्दा सर्वांत कामाचा आहे. दोन माणसांचं नातं ज्या भाषेत सुरू होतं, सहसा त्याच भाषेत चालत राहतं. ज्या सहकाऱ्याशी दोन वर्षं इंग्रजीत बोललात, त्याच्याशी तिसऱ्या वर्षी डच बोलायला लागलं की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. म्हणून जुनी नाती इंग्रजीत राहू द्या, पण नवं प्रत्येक नातं डचमध्ये सुरू करा. नवा शेजारी, मुलाची नवी शिक्षिका, जिममधला ओळखीचा चेहरा, शुक्रवारी ऑफिसनंतर बिअरच्या ग्लासाभोवती जमणारं टोळकं, यांच्याशी पहिलं वाक्य डचमध्येच टाका, चुकलं तरी चालेल. दोन वर्षांत परतायचं नक्की असेल, तर ए-१पुरतं शिका आणि मजेत राहा. पण मूल तिथल्या शाळेत घातलं असेल, किंवा घर घ्यायचा विचार मनात येत असेल, तर पुस्तक आजच कपाटातून काढा आणि पहिल्या सहा महिन्यांतच क्लासला नाव घाला.